लिनक्सवर वाय-फाय का दिसत नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबले. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे स्क्रीन, कीबोर्ड, डिस्क सगळे धडधाकट असलेले असंख्य लॅपटॉप अडगळीच्या वाटेला लागले. घरात, शाळेत, ग्रंथालयात पडून असलेल्या अशा यंत्रांना आणखी काही वर्षे कामाला लावायची सर्वांत स्वस्त वाट म्हणजे लिनक्स. मिंट, उबुंटू किंवा डेबियन पेन ड्राइव्हवरून बसवता येते, परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि जुन्या यंत्रावरही ते बरे चालते. पण सगळे बसवून झाल्यावर नेटवर्कच्या चिन्हावर क्लिक करावे आणि वाय-फायची यादीच दिसू नये, असे अजूनही घडते. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे आणि इंटरनेटसाठी ड्रायव्हर हवा. या पेचात सापडलेला माणूस ‘लिनक्स आपल्या कामाचे नाही’ असे म्हणून मोकळा होतो.

हा निकाल घाईचा आहे. गेल्या वीस वर्षांत या प्रश्नाचे स्वरूप पार पालटले आहे. ‘ड्रायव्हर नाही’ या एका तक्रारीखाली आज चार निरनिराळे दोष असतात आणि चारही दोषांचे इलाज वेगळे आहेत. कोणता दोष आहे हे न पाहता सापडेल ती कमांड चालवत सुटले की साधे दुखणे अवघड होऊन बसते. शिवाय कोणती चिप त्रास देते आणि कोणती बिनबोभाट चालते, हा नशिबाचा भाग नाही. ती बनवणाऱ्या कंपनीने आपली माहिती किती मोकळी केली, यावरच ते ठरत आले आहे.

चिप, ड्रायव्हर आणि फर्मवेअर

वाय-फाय कार्डावर रेडिओ असतो आणि त्या रेडिओला हाकणारा एक छोटा प्रोसेसरही असतो. कार्ड चालायला दोन वेगळी सॉफ्टवेअरे लागतात. ड्रायव्हर संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवर, कर्नेलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा, भाग म्हणून चालतो. फर्मवेअर कार्डावरच्या छोट्या प्रोसेसरवर चालते. बहुतेक कार्डांत ते कायमचे साठवलेले नसते. दर वेळी यंत्र सुरू झाले की ड्रायव्हर ते डिस्कवरून उचलतो आणि कार्डात भरतो. विंडोजवर कंपनीच्या एकाच इन्स्टॉलरमधून दोन्ही येतात, म्हणून वापरणाऱ्याला हा भेद कधी जाणवत नाही.

लिनक्समध्ये या दोघांच्या वाटा वेगळ्या आहेत. ड्रायव्हर मुक्त परवान्याखाली, कर्नेलच्या सोबतच येतो. फर्मवेअर मात्र बहुधा कंपनीची बंद फाइल असते. वाटण्याची परवानगी असलेल्या अशा फाइली लिनक्स-फर्मवेअर नावाच्या सामाईक संग्रहात ठेवलेल्या असतात आणि मिंट, उबुंटूसारखी प्रत्येक डिस्ट्रो तिथून त्या उचलते. त्यामुळे ड्रायव्हर हजर आणि फर्मवेअर गैरहजर, असे सहज होऊ शकते. कार्ड ओळखले जाते, पण बोलत नाही.

आणखी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. कंपनीच्या संकेतस्थळावर जाऊन ड्रायव्हर शोधायचा, ही विंडोजची सवय आहे. लिनक्सचा चांगला ड्रायव्हर मुख्य कर्नेलमध्येच असतो. कर्नेलची अंतर्गत रचना सतत बदलते, आणि ती बदलणारा माणूसच आतल्या सर्व ड्रायव्हरांत त्या बदलाप्रमाणे दुरुस्ती करतो. बाहेर राहिलेल्या ड्रायव्हरची काळजी घेणारे तिथे कोणी नसते. म्हणूनच काल चालणारे वाय-फाय कर्नेलच्या अपडेटनंतर आज बंद पडते.

हा प्रश्न आला कुठून

मार्च २००३मध्ये इंटेलने सेंट्रिनो लॅपटॉप बाजारात आणले आणि वाय-फाय सर्वसामान्यांच्या यंत्रात पोहोचले. त्या वेळी त्यातल्या वायरलेस कार्डासाठी लिनक्सचा ड्रायव्हर नव्हता. २००४मध्ये इंटेलने तो खुला प्रकल्प म्हणून सुरू केला आणि २००५मध्ये कर्नेल २.६.१४मध्ये तो दाखल झाला. इंटेलचे फर्मवेअर बंदच राहिले, पण ड्रायव्हर कंपनीच्याच अभियंत्यांनी मुख्य कर्नेलमध्ये सांभाळायचा, ही पद्धत तेव्हापासून पडली. आज इंटेलची कार्डे लिनक्सवर सर्वांत कमी त्रास देतात, त्याचे मूळ या निर्णयात आहे.

ब्रॉडकॉमची कथा उलटी. अनेक लॅपटॉपांत तिच्या चिपा होत्या, पण कंपनी ना ड्रायव्हर देई, ना चिपची माहिती. लोकांनी एनडीआयएसरॅपर नावाचे साधन वापरून विंडोज एक्सपीचे ड्रायव्हरच लिनक्सच्या आत चालवले. ते कामचलाऊ होते. बिघडले तर आत काय चालले आहे हे कुणालाच पाहता येत नसे. दुसरीकडे स्वयंसेवकांनी कष्टाची वाट धरली. एका गटाने राउटरमध्ये असलेल्या ब्रॉडकॉमच्या बंद ड्रायव्हरचे वर्तन तपासून चिपची रचना कागदावर उतरवली. दुसऱ्या गटाने तो बंद ड्रायव्हर न पाहता, केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. कॉपीराइटचा आक्षेप येऊ नये म्हणून ही विभागणी कटाक्षाने पाळली गेली. जून २००६मध्ये, कर्नेल २.६.१७मध्ये हा ड्रायव्हर आला आणि जानेवारी २००८च्या २.६.२४मध्ये त्याची सुधारित आवृत्ती ‘बी४३’ या नावाने दाखल झाली. फर्मवेअर वाटण्याची परवानगी मात्र मिळाली नाही. ते कंपनीच्या जुन्या ड्रायव्हरमधून कापून काढावे लागे, आणि त्यासाठी वेगळे साधन लिहावे लागले.

अथेरॉसच्या कार्डांना मॅडवायफाय नावाचा अर्धा खुला ड्रायव्हर होता. चिपला प्रत्यक्ष हात घालणारा भाग बंद होता. रेडिओची शक्ती आणि वारंवारता यांच्यावर सरकारी नियमन असते, तो भाग खुला केला तर कोणीही नियम मोडेल, असा युक्तिवाद त्यामागे होता. ओपनबीएसडी या मुक्त प्रणालीच्या रेक फ्लोटर यांनी तो भाग उलगडून स्वतंत्रपणे लिहिला, आणि त्यावर आधारलेला ‘एथ५के’ २००८मध्ये लिनक्सच्या २.६.२५ आवृत्तीत आला. त्याच वर्षी अथेरॉसने भूमिका बदलली आणि नव्या चिपांसाठी ‘एथ९के’ हा पूर्ण खुला ड्रायव्हर स्वतः दिला. तो ऑक्टोबर २००८च्या २.६.२७मध्ये आला. त्यातल्या पीसीआय कार्डांना वेगळे फर्मवेअरही लागत नाही. ब्रॉडकॉमने सप्टेंबर २०१०मध्ये आपल्या काही चिपांचा खुला ड्रायव्हर जाहीर केला.

दरम्यान सर्व ड्रायव्हरांना लागणारा समान भाग, म्हणजे नेटवर्क शोधणे, जोडणी करणे, माहितीच्या चौकटी (फ्रेम) बांधणे, जुलै २००७च्या कर्नेल २.६.२२मध्ये ‘मॅक८०२११’ या नावाने एकत्र आला. तोवर प्रत्येक ड्रायव्हर ही कामे आपापल्या परीने करत होता. या पायाभरणीनंतर नवा ड्रायव्हर लिहिण्याचे काम खूपच हलके झाले. अलीकडच्या काळात रिअलटेकसाठी ‘आरटीडब्ल्यू८८’ २०१९मध्ये, मीडियाटेकच्या एमटी७९२१चा ड्रायव्हर २०२१मध्ये आणि रिअलटेकच्या वाय-फाय ६ चिपांसाठी ‘आरटीडब्ल्यू८९’ २०२२च्या सुरुवातीला मुख्य कर्नेलमध्ये आला.

आधी चिप ओळखा

दुरुस्तीची पहिली पायरी म्हणजे चिपचे नाव कळणे. लॅपटॉपचे मॉडेल पुरत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये कंपनी वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी कार्डे बसवते. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘-एनएनके’ या पर्यायासह चालवली की आतल्या कार्डाचे नाव, त्याचा ओळख क्रमांक आणि सध्या त्याला जोडलेला ड्रायव्हर अशी तीनही उत्तरे मिळतात. यूएसबी डोंगल असेल तर ‘एलएसयूएसबी’ वापरावे. आतल्या कार्डाच्या ओळख क्रमांकाचा पहिला भाग कंपनीचा असतो: ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १६८सी म्हणजे अथेरॉस, १४सी३ म्हणजे मीडियाटेक. मदत मागताना लॅपटॉपच्या नावाऐवजी हा पूर्ण क्रमांक दिला, तर निम्मे काम तिथेच होते.

त्या उत्तरात ‘वापरात असलेला ड्रायव्हर’ ही ओळ आहे की नाही, ते पाहावे. ओळ नसेल तर ड्रायव्हर जोडला गेलेला नाही. ओळ असूनही वाय-फाय नसेल तर दोष फर्मवेअरमध्ये किंवा बंद ठेवलेल्या रेडिओत असण्याचा संभव जास्त. मग ‘डीमेसेज’ ही कमांड कर्नेलच्या नोंदी दाखवते. तिथे फर्मवेअर भरता आले नाही असे सांगणारी आणि ‘उणे २’ या त्रुटी क्रमांकाने संपणारी ओळ दिसली, तर अर्थ सरळ आहे: हवी ती फाइल फर्मवेअरच्या फोल्डरमध्ये नाही. बहुतेक वेळा त्या ओळीत फाइलचे नावही असते.

आणि इंटरनेटचा पेच? तो आज सर्वांत सोपा आहे. अँड्रॉइड फोन यूएसबी वायरीने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग सुरू करावे. त्याला लागणारे ड्रायव्हर कर्नेलमध्ये आधीपासून असतात, म्हणून लिनक्सला तो फोन साधे वायरीचे नेटवर्क वाटतो. फोनवरचा वाय-फाय हॉटस्पॉट इथे कामाचा नाही, वायरच हवी. राउटरला लॅन केबल लावता आली तर तेही उत्तम. काहीच नसेल तर लिनक्स मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हवरूनही काही ड्रायव्हर उचलू शकतो.

चार दोष, चार इलाज

पहिला दोष फर्मवेअर नसण्याचा. उबुंटू आणि मिंटमध्ये ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे एकच मोठे पॅकेज असते, म्हणून हा दोष तिथे कमी आढळतो. असलाच तर पॅकेज अपडेट केल्याने जातो. डेबियनमध्ये ही पॅकेजे कंपनीनिहाय वेगळी आहेत: इंटेलसाठी ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’, रिअलटेकसाठी ‘फर्मवेअर-रिअलटेक’, अथेरॉससाठी ‘फर्मवेअर-अथेरॉस’. योग्य पॅकेज बसवून यंत्र पुन्हा सुरू केले की काम होते. ड्रायव्हर नव्याने शोधण्याची इथे गरजच नसते.

दुसरा दोष कर्नेल जुना असण्याचा. नवाकोरा लॅपटॉप आणि दोन-तीन वर्षांपूर्वीची डिस्ट्रो अशी जोडी जमली की हा दोष येतो. मीडियाटेक एमटी७९२१ला किमान ५.१२ कर्नेल हवा, इंटेल एएक्स२१०ला ५.१०, रिअलटेकच्या ८८५२एईला ५.१६. आपला कर्नेल त्याहून जुना असेल तर बाहेरचा ड्रायव्हर आणण्यापेक्षा कर्नेल बदलावा. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्यांसाठी नव्या हार्डवेअरचा कर्नेल अधिकृतपणे मिळतो, डेबियनमध्ये तो बॅकपोर्ट्स या संग्रहातून घेता येतो, आणि फेडोरा मुळातच नवा कर्नेल देते. हा इलाज पुढेही टिकतो.

तिसरा दोष खरोखर ड्रायव्हर नसण्याचा. मुख्य कर्नेलमध्ये त्या चिपला आधारच नाही, तेव्हाच बाहेरचा ड्रायव्हर घ्यावा. याचे ठळक उदाहरण २०१३ ते २०१७च्या मॅकबुक एअरमध्ये असलेली ब्रॉडकॉमची बीसीएम४३६० चिप. तिला ब्रॉडकॉमचा ‘डब्ल्यूएल’ हा बंद ड्रायव्हर लागतो. उबुंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’मध्ये तो एका क्लिकवर मिळतो, फेडोरावर आरपीएम फ्यूजन या संग्रहातून. पण त्यात कंपनीने वर्षानुवर्षे नवे काही केलेले नाही; नव्या कर्नेलवर तो चालता ठेवण्याचे काम डिस्ट्रोचे लोक ठिगळे लावून करतात. २०१९मध्ये त्यातल्या सुरक्षा त्रुटीही उघड झाल्या. दुसरी वाट नसेल तेव्हाचा हा उपाय आहे.

असे बाहेरचे ड्रायव्हर डीकेएमएस या यंत्रणेतून बसवावेत. मग कर्नेल बदलला की ते आपोआप पुन्हा बांधले जातात. त्यासाठी चालू कर्नेलची हेडर पॅकेजे आणि कंपायलर यंत्रात असावे लागतात. हाताने बांधून बसवलेला ड्रायव्हर पुढच्या अपडेटला नक्की बंद पडतो. आणखी एक पथ्य: एकाच चिपवर दोन ड्रायव्हर हक्क सांगू लागले तर एकही नीट चालत नाही. ‘डब्ल्यूएल’ वापरायचा असेल तर ‘बी४३’ आणि त्याचे सोबती काळ्या यादीत जायला हवेत. डिस्ट्रोचे पॅकेज हे स्वतः करते. हाताने बसवणाऱ्याला ते ध्यानात ठेवावे लागते.

चौथा दोष सर्वांत फसवा, कारण त्यात ड्रायव्हर आणि फर्मवेअर दोन्ही असतात, पण वाट अडलेली असते. ‘आरएफकिल लिस्ट’ ही कमांड रेडिओ सॉफ्टवेअरने बंद आहे की बटणाने, ते सांगते. पहिला अडसर कमांडने निघतो, दुसऱ्यासाठी लॅपटॉपवरची कळ किंवा बायोसमधली नोंद पाहावी लागते. काही लॅपटॉपांत असे बटण नसतानाही एखादे मॉड्यूल ते बंद असल्याचे सांगत राहते. लेनोवोच्या काही आयडियापॅडवर ‘आयडियापॅड-लॅपटॉप’ हे मॉड्यूल असे करत असे, आणि ते काढले की रेडिओ सुरू होई.

याच गटात सिक्युअर बूट येतो. ही सोय चालू असेल तर कर्नेल सही नसलेले मॉड्यूल घेत नाही. डीकेएमएसने ड्रायव्हर बांधताना एक पासवर्ड मागितला जातो, आणि पुढच्या बूटला एका निळ्या पडद्यावर ती नवी किल्ली नोंदवावी लागते. बहुतेक लोक तो पडदा न वाचता पुढे जातात. मग ड्रायव्हर डिस्कवर असतो, पण ‘किल्ली नाकारली’ म्हणून चढत नाही. किल्ली नोंदवणे हा यावरचा नीट इलाज आहे. सिक्युअर बूट कायमचा बंद करायची गरज नाही. एकाच यंत्रावर विंडोजही असेल, तर त्यातले फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते यंत्र पुरते बंद न करता झोपवते, आणि कार्ड अशा अवस्थेत राहू शकते की लिनक्सला ते जागे करता येत नाही.

शेवटी देशाचा कोड. भारतात २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात १२ आणि १३ क्रमांकाच्या वाहिन्या चालतात, अमेरिकेत त्या सहसा वापरत नाहीत. २०१८मध्ये भारत सरकारने ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त केले. कार्डाने देश चुकीचा धरला किंवा ‘अज्ञात’ ठेवला, तर शेजारच्या फोनला दिसणारे नेटवर्क लॅपटॉपला दिसत नाही. बाकी नेटवर्के दिसत असतील आणि आपल्या घरचे तेवढे नसेल, तर ड्रायव्हरच्या मागे न लागता ‘आयडब्ल्यू रेग’ या कमांडने देश तपासावा.

डोंगलचा बाजार

आतले कार्ड कशालाच दाद देत नसेल तर लोक बाजारातून छोटे यूएसबी डोंगल आणतात. इथे सर्वाधिक फसगत होते, कारण डब्यावर चिपचे नाव नसते. टीपी-लिंकचे टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे मॉडेल याचा नमुना आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप होती, लिनक्सवर अतिशय उत्तम चालणारी. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाखाली रिअलटेकची चिप आली. जुनी शिफारस वाचून नवा डोंगल घेणाऱ्याच्या हाती वेगळीच वस्तू पडते.

काही डोंगल लावल्यावर वाय-फायऐवजी एक छोटी सीडी ड्राइव्ह दिसते. विंडोजचा ड्रायव्हर त्या डोंगलमध्येच साठवलेला असतो, म्हणून तो आधी सीडी म्हणून उभा राहतो. ‘यूएसबी-मोडस्विच’ हे पॅकेज त्याला वाय-फायच्या रूपात आणते. ड्रायव्हर चढवण्याआधी हे तपासावे. सीडीच्या रूपातल्या डोंगलवर कोणताही वाय-फाय ड्रायव्हर लागू पडत नाही.

पीसीआय कार्ड बदलणे हा त्याहून टिकाऊ उपाय. अनेक लॅपटॉपांत ते एका स्क्रूने बसवलेले असते. इंटेलचे कार्ड घेताना मात्र सावध राहावे: एएक्स२०१सारखी कार्डे आपले अर्धे काम इंटेलच्या ठरावीक चिपसेटवर सोपवतात आणि इतरत्र चालत नाहीत, तर एएक्स२१० स्वतंत्र आहे. काही जुन्या लॅपटॉपांचे बायोस यादीबाहेरचे कार्ड स्वीकारतच नाही, हेही आधी पाहून घ्यावे.

बंद फर्मवेअरचा वाद

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीला बंद फर्मवेअर कधीच रुचले नाही, आणि तो आक्षेप पोकळ नाही. आपल्या यंत्रातला एक प्रोसेसर काय करतो हे आपल्याला वाचता येत नाही, त्यातली त्रुटी कंपनीशिवाय कोणी दुरुस्त करू शकत नाही. याच भूमिकेतून डेबियनने २०११च्या सहाव्या आवृत्तीत बंद फर्मवेअर कर्नेलपासून वेगळे काढले. परिणामी अधिकृत डेबियन बसवणाऱ्याला वाय-फाय मिळण्यासाठी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर फाइली आणाव्या लागत. नवखा माणूस तिथेच अडायचा. ऑक्टोबर २०२२मध्ये डेबियनच्या सभासदांनी मतदान करून फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेण्याचे ठरवले आणि जून २०२३च्या बाराव्या आवृत्तीपासून ते अमलात आले.

हा निर्णय मला योग्य वाटतो. पहिल्याच दिवशी नेटवर्क न मिळालेला माणूस मुक्त सॉफ्टवेअरचा विचार करायला परत येत नाही. पण तडजोड ही तडजोडच आहे, याचा विसर पडू नये. एआर९२७१चे फर्मवेअर २०१३मध्ये खुले झाले, म्हणजे खुले फर्मवेअर अशक्य नाही. एथ९के हा ड्रायव्हर खुला होऊनही नियम मोडण्याचा जो पूर भाकीत केला गेला होता, तो आला नाही.

खरेदीच्या वेळीच विचारायचा प्रश्न

या साऱ्या आढाव्यातून एक नियम हाती येतो: मुख्य कर्नेलमध्ये असलेला ड्रायव्हर हाच टिकणारा ड्रायव्हर. फर्मवेअर नसले तर ते आणता येते, कर्नेल जुना असला तर बदलता येतो, अडसर काढता येतात. बाहेरच्या ड्रायव्हरवर मात्र कायम लक्ष ठेवावे लागते, आणि ज्या शाळेत किंवा ग्रंथालयात संगणक सांभाळणारा माणूस नाही तिथे ते लक्ष कोणी ठेवत नाही. तिथे असा ड्रायव्हर बसवून देणे म्हणजे पुढच्या अपडेटला बंद पडणारे यंत्र देणे.

म्हणून एकदम दहा-वीस यंत्रे घेणाऱ्या संस्थेने, आणि घरासाठी जुना लॅपटॉप घेणाऱ्यानेही, दुकानातच लिनक्सचा पेन ड्राइव्ह लावून, लिनक्स न बसवता, यंत्र चालवून पाहावे. पाच मिनिटांत वाय-फायची यादी आली तर पुढची चिंता मिटली. नाही आली तर चिपचा क्रमांक लिहून घ्यावा, आणि त्या चिपला कर्नेलची कोणती आवृत्ती लागते ते पाहूनच पैसे मोजावेत. विक्रेत्यांना हा प्रश्न वारंवार विचारला गेला, तर चिपचे नाव डब्यावर छापायची गरज त्यांनाही वाटू लागेल. कंपन्यांनी माहिती मोकळी केली ती ग्राहकांनी आणि स्वयंसेवकांनी मागणी लावून धरली म्हणून. पुढेही ती तशीच मोकळी होईल.